जुन्या वाड्याची दुरुस्ती : कोणते काम आधी, कोणते नंतर

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांवर पैसा खर्च होत नाही असे नाही. होतो, पण उलट्या क्रमाने. आधी दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि रंग, मग चौकात पेव्हर ब्लॉक, मग माडीवर टाइल्स लावून बाथरूम. छपराचे मात्र ‘पुढच्या वर्षी बघू’. दोन पावसाळे गेले की रंगाचे पोपडे सुटतात, कडीपाटातून (आडव्या लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेल्या छतातून) माती गळू लागते आणि घरात एकमत होते : वाड्यात आता काही राम राहिलेला नाही, देऊन टाकू बिल्डरला. अशा बहुतेक वाड्यांचा सांगाडा अजून धड असतो. पाणी कुठून शिरते ते कुणी पाहिलेले नसते, एवढेच.

हा लेख राहत्या घरगुती वाड्यासाठी आहे. खाली घडीव दगडाचे जोते (चौथरा), वर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, जाड विटा-मातीच्या भिंती, मध्ये चौक आणि माथ्यावर कौले, अशी बांधणी धरली आहे. परवानग्यांचा भाग पुण्यापुरता आहे. बांधकामाचा भाग वाई, सातारा, नाशिककडच्या वाड्यांनाही बराचसा लागू पडेल.

क्रम असा : कागद, नोंद, टेकू, छप्पर, सांडपाणी, लाकूड, भिंत, नळ-वीज, गिलावा आणि अगदी शेवटी जमीन व रंग. पैसे कमी असतील तर शेवटची कामे सोडा, पहिली नाही.

वेळापत्रक आधी ठरवा

गळती पावसाळ्यातच दिसते, म्हणून नोंद जुलै-ऑगस्टमध्ये करा. कागदपत्रे आणि परवानग्यांची धावपळ त्याच सुमारास सुरू करा. परतीचा पाऊस संपला, दिवाळी झाली की छप्पर उघडायचे. चुन्याचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंड दिवसांत करायचे. एप्रिलच्या उन्हात चुना भराभर वाळतो, भेगाळतो आणि हाताला पांढरी पूड लागत राहते. मे महिना कौलांच्या शेवटच्या फेरीसाठी मोकळा ठेवा.

चुना आधीच भिजत घालावा लागतो आणि हे हमखास विसरले जाते. गवंडी कामावर आला आणि चुना त्याच दिवशी भिजवला, तर दुपारपर्यंत कुणीतरी सिमेंटची गोणी आणतोच. छप्पर उघडण्याआधी निदान महिनाभर चुनकळी (भाजलेला कोरडा चुना) टाकीत विरवून, पाण्याखाली मुरत ठेवा.

टप्पा १ : कागद आणि माणसे

नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा ताजा उतारा काढा. त्यावर आजोबांचेच नाव असेल तर वारसनोंदी आधी लावून घ्या. मिळकत कराच्या पावतीवर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असा समज सर्रास आढळतो. तसे नसते. सगळ्या हिस्सेदारांची दुरुस्तीला लेखी संमती घ्या, परदेशातल्या चुलतभावाचीही. निम्मे छप्पर उतरवल्यावर आलेली हरकत सगळ्यात महाग पडते.

त्यानंतर तीन गोष्टी पाहा.

एक, वाडा महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का आणि असल्यास कोणत्या श्रेणीत. यादीतल्या वाड्याच्या दर्शनी भागाला हात लावण्याआधी हेरिटेज विभागाकडे जावेच लागते.

दोन, जवळ केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे का. शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे ठाऊक असते, पण सगळ्यांनाच नाही. स्मारकापासून १०० मीटर हा प्रतिबंधित भाग आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित भाग. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने हे ठरले आहे. प्रतिबंधित भागात नव्या बांधकामाला बंदी आहे. असलेल्या घराच्या दुरुस्तीलाही सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते.

तीन, भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. भाडे नाममात्र असले तरी ती सुटत नाही. भाडेकरूला काही महिने खोल्या सोडाव्या लागणार असतील तर किती दिवस, तोवर त्याने कुठे राहायचे आणि परत येताना नेमकी कोणती जागा, हे तिन्ही कागदावर आणा. पेठांतल्या कित्येक दुरुस्त्या अविश्वासापायी अडतात. ‘एकदा बाहेर पडलो की परत आत घेणार नाहीत’ ही भीती खरी असते आणि ती लेखी हमीनेच जाते.

सावधान : महापालिकेकडून धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर वाडा कोणत्या वर्गात टाकला आहे ते वाचा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामा करून पाडण्याजोगा. सी-२ए म्हणजे रिकामा करून संरचनेची दुरुस्ती. सी-२बी म्हणजे न हलता संरचनेची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. वर्ग पटत नसेल तर लाकडी सांगाड्याचा आणि चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लगेच दुसरा अहवाल घ्या. फक्त काँक्रीट हाताळलेला माणूस वाकलेली तुळई पाहूनच वाडा मोडीत काढतो. पण तोवर नोटीस गुंडाळून ठेवू नका. सी-१ असेल तर माणसे आधी बाहेर काढा.

टप्पा २ : नोंद

कोणतेही लाकूड किंवा कौल हलवण्याआधी संपूर्ण वाडा कागदावर आणा. प्रत्येक मजल्याचा नकाशा काढा आणि खांबांना क्रमांक द्या. वाड्याचे माप खणात असते, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात. त्यामुळे ‘दक्षिण सोपा, खण ३, तुळई भिंतीकडच्या टोकाला मऊ’ अशी नोंद (सोपा म्हणजे चौकाला लागून असलेली उघडी पडवी) सुताराला चटकन कळते. ‘मागच्या खोलीतला डावीकडचा वासा’ म्हणाल तर दोघांचे डावे वेगळे निघते.

भर पावसात बॅटरी घेऊन पोटमाळ्यावर जा. पाणी जिथे ठिबकते त्याच्या थेट वरच कौल फुटलेले असेल असे नाही. थेंब वाशावरून खाली ओघळत येतो आणि दुसऱ्याच खणात पडतो. ओली रेघ वरच्या दिशेने शोधत जा, मूळ सापडेल तिथे खडूने खूण करा आणि फोटो काढा.

भिंतीतल्या प्रत्येक तड्याची रुंदी, लांबी आणि तारीख लिहा. तडा वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर भिंत बाहेर कलत असण्याची शक्यता धरा. कोपऱ्यातून ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) सोडून खात्री करा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला तडा बहुधा पाया खचल्याची खूण असतो. दोन भिंतींच्या सांध्यातली उभी फट म्हणजे भिंती एकमेकींपासून सुटल्या आहेत.

तडा जुना आहे की चालता आहे हे डोळ्यांना कळत नाही. त्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवा आणि तारीख टाका. एका पावसाळ्यात काच फुटली तर तडा जिवंत आहे. कारण सापडेपर्यंत तो भरायचा नाही. काच शाबूत राहिली तर तो नुसता भरण्याचा विषय.

तपासा : नकाशा, क्रमांक, गळतीच्या खुणा आणि तड्यांची वही. या चार गोष्टी हातात नसतील तर ठेकेदाराकडून दर मागवू नका. त्याशिवाय येणारा दर अंदाजपंचे असतो आणि काम सुरू झाल्यावर तो फुगतो.

टप्पा ३ : टेकू

पहिल्या दिवशी पहिले काम टेकूचे. ज्या तुळईचे टोक मऊ आहे, ज्या खांबाचा पाय खचला आहे, तिथे लोखंडी प्रॉप किंवा बल्ल्यांचे टेकू द्या. टेकूच्या खाली आणि वर रुंद फळी असलीच पाहिजे. ती नसेल तर टेकू मातीच्या जमिनीत रुततो किंवा वरच्या कडीत घुसतो. माडीवर टेकू दिला असेल तर त्याच ओळीत तळमजल्यावरही द्या, नाहीतर भार खालच्या कड्यांवर येऊन त्या मोडतील.

वाड्याचा भार कुठून कुठे जातो हे इथे नीट समजून घ्या. आतला भार कडीवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबातून तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) उतरतो. खांबांमधली भिंत बऱ्याच ठिकाणी नुसती भरणीची असते. पण तीच सांगाड्याला बाजूने आधार देते. म्हणून ‘ही भिंत काय भाराची नाही, काढून हॉल मोठा करू’ हा सल्ला घातक आहे. खांब काढण्याबद्दल तर बोलायलाच नको.

टप्पा ४ : छप्पर

छप्पर एकदम सगळे उघडू नका. एक-दोन खणांचा पट्टा घ्या, तो पूर्ण करा, मग पुढचा. आढ्याच्या (माथ्यावरच्या आडव्या लाकडाच्या) दोन्ही बाजूंच्या पाख्यांवरून (उतारांवरून) कौले सारख्याच प्रमाणात उतरवा. एक पाखे रिकामे आणि दुसरे भरलेले असे ठेवले तर सगळा भार एका अंगाला ढकलतो आणि आधीच कललेली भिंत आणखी कलते.

उतरवलेले प्रत्येक कौल बोटाने वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठेवा. बद आवाज म्हणजे आत तडा आहे. मंगलोरी कौले एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात, त्यावरून नवी किती मागवायची ते काढा. कौलांच्या घड्या आणि खोबणी कारखान्यागणिक वेगळ्या असतात, त्यामुळे जुनी आणि नवी एकाच पाख्यावर मिसळू नका. उरलेली सगळी जुनी कौले एका पाख्यावर, नवी दुसऱ्यावर, असे केले की सांधे बसतात.

कौले उतरली की वासे आणि रीपा (कौले टेकण्याच्या आडव्या पट्ट्या) उघड्या पडतात. मऊ झालेले वासे आताच बदला. रीपांचे अंतर हातातल्या कौलावरून मोजून ठरवा, जुन्या खिळ्यांच्या खुणांवरून नाही.

सगळ्यात जास्त गळती सपाट पाख्यात नसते. ती असते चौकाच्या चारी कोपऱ्यांत, जिथे दोन पाखी एकमेकांना आत मिळतात. तिथली पन्हळ पूर्ण लांबीची, रुंद आणि दोन्ही बाजूंच्या कौलांखाली वीतभर आत शिरलेली हवी. मिस्त्री तिथे सिमेंट थापून मोकळा होतो. लाकूड उन्हापावसात हलते, सिमेंट हलत नाही, म्हणून ती थापणी पुढच्या पावसाआधीच फुटते. सिमेंटचा हात नको, पत्र्याची पन्हळ घाला.

सावधान : ‘कौले काढून स्लॅब टाका, कायमची कटकट मिटेल’ असे सांगणारे बरेच भेटतील. १० सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरते. कौले त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकीसुद्धा नसतात. मातीतल्या भिंती आणि जुने खांब हे ओझे घ्यायला बांधलेले नाहीत. पाण्याच्या टाकीचेही तसेच. १,००० लिटर पाणी म्हणजे १ टन. टाकी माडीवर किंवा माळ्यावर नको. परसात जमिनीवरून उभारलेल्या वेगळ्या लोखंडी चौकटीवर ठेवा.

टप्पा ५ : चौक, जोते आणि सांडपाणी

छपरावरचे पाणी आता चौकात नीट पडेल. ते तिथून बाहेर गेले पाहिजे.

चौकातला मूळ निचरा शोधा. बहुतेक वाड्यांत एका कोपऱ्यात दगडी मोरी आणि तिथून ओसरीखालून बाहेर जाणारी नळी असते. तीत कित्येक वर्षांची माती साचलेली असते. ती साफ करा, बादलीने पाणी ओता आणि बाहेर किती वेळात येते ते पाहा. आलेच नाही तर नळी मध्येच फुटली आहे आणि ते पाणी वाड्याच्या पायात मुरते आहे.

चौकात पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंटचा कोबा घालू नका. दगडी फरसबंदीच्या सांध्यांतून पाणी मुरते आणि वाफ होऊन वरही जाते. वरून सीलबंद केले की जमिनीतला ओलावा बाजूला सरकतो आणि जोत्यातून भिंतीत चढतो. ओसरीच्या भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत पांढरा लोणा (क्षारांची पूड) दिसतो, तो बहुधा याचाच.

पेठांत आणखी एक अडचण आहे. डांबराचे थर चढून चढून रस्ता उंच झाला आणि दिंडी दरवाजाचा उंबरा खाली गेला. पावसात रस्त्याचे पाणी देवडीत येते. उंबऱ्यावर सिमेंटचा उंचवटा केला तर लाकडी चौकटीचा पाय त्यात गाडला जाऊन कुजतो. त्याऐवजी उंबऱ्याबाहेर, दरवाजाच्या पूर्ण रुंदीला जाळीची आडवी गटार घ्या आणि ती पावसाळी वाहिनीला जोडून मागा. रस्ता पुन्हा करताना जुना थर खरवडूनच नवा टाकावा, असा लेखी अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच जपून ठेवा.

तपासा : पुढे जाण्याआधी छपरावर पाइपने अर्धा तास पाणी मारा. माळ्यावर एक माणूस, चौकात एक आणि बाहेर गटारीपाशी एक. तिघांचेही ‘ठीक’ आल्याशिवाय तुळया-खांबांना हात लावायचा नाही.

टप्पा ६ : लाकूड

जुने सागवान सहसा मधोमध खराब होत नाही. ते तीन जागी कुजते : तुळईचे भिंतीत गेलेले टोक, खांबाचा पाय आणि पन्हळीखालचा वासा. तिथेच शोधा.

साधे दोन उपाय आहेत. लाकडी हातोडीने ठोका. भरीव आवाज आणि पोकळ आवाज कानाला लगेच वेगळे कळतात. मग स्क्रूड्रायव्हर टोचा. चांगल्या सागात तो मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातो आणि अडतो. बोटभर आत गेला तर तिथपासून मागे मागे टोचत या आणि टणक लाकूड कुठे सुरू होते तिथे रेघ मारा. कापायचे ते त्या रेघेच्या थोडे पलीकडे.

तुळईचे एक टोक कुजले म्हणून अख्खी तुळई बदलायची नसते. टोक टणक लाकडापर्यंत कापून तिथे त्याच जाडीचा सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडतात. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान दोन-तीन पट हवी आणि तो आरपार बोल्टने बांधलेला हवा. बोल्ट किती आणि केवढे, हे इंजिनिअरला ठरवू द्या. जोडाचे लाकूड पक्के वाळलेले पाहिजे. ओल्या लाकडाचा सांधा वर्षभरात उघडतो. पाडलेल्या वाड्यांचे साग टिंबर मार्केटच्या परिसरात मिळते आणि या कामाला तेच उत्तम. मात्र करवतीखाली जाण्याआधी त्यातले जुने खिळे लोहचुंबक फिरवून शोधा.

नवे टोक भिंतीत बसवताना त्याच्याखाली सपाट दगड ठेवा आणि बाकी तिन्ही बाजूंनी बोटभर मोकळी जागा सोडा. सिमेंटने ते चिणून टाकणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक. टोकाला हवा लागली नाही की नवे सागही कुजते.

आता खांबाचा पाय. खांब लाकडाचा असला तरी त्याच्याखाली दगडाचा तळखडा असतो, तो लाकडाला जमिनीच्या ओलीपासून वर उचलून धरण्यासाठीच. कोणीतरी जमिनीवर कोबा केला, त्यावर पुढच्या पिढीने मोझॅक, त्यावर आता व्हिट्रिफाइड टाइल. तळखडा दिसेनासा झाला आणि खांबाचा पाय चार बोटे सिमेंटमध्ये गेला. फरशी पुसायचे पाणी रोज त्या फटीत उतरते. वरून खांब पॉलिश केलेला, झळझळीत, आणि खाली मुठीत चुरा यावा असे लाकूड. वाड्यात टाइल्स असतील तर एका तरी खांबाभोवतीची फरशी वीतभर फोडून बघाच. तळखडा सापडेपर्यंत जा आणि खांबाभोवतीची जागा कायमची मोकळी ठेवा.

पाय कुजला असेल तर शेजारी टेकू देऊन जॅकवर भार घ्यायचा, खराब भाग कापायचा आणि सागाचा तुकडा जोडायचा किंवा तळखड्यावर आणखी एक घडीव दगड बसवायचा. जॅक एका वेळी मिलिमीटरभरच वर घ्या, थांबा, वरच्या मजल्यावर कुठे करकर होते का ते ऐका. अनेक वर्षांत खाली बसलेली माडी पुन्हा पाणसळीत (समतल) आणायच्या फंदात पडू नका. लाकडाने तो बाक कायमचा धरलेला असतो. जबरदस्तीने सरळ केला तर सांधे उखडतात आणि भिंती फुटतात. भार अलगद सुटण्यापुरते उचलले की पुरे.

वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर आधी त्या मोडा आणि शेजारी तारीख लिहा. काही आठवड्यांत पुन्हा बांधल्या गेल्या तर वाळवी चालू आहे, पेस्ट कंट्रोल करा. नाहीतर ती जुनी खूण आहे. वाळवी ओलीच्या मागोमाग येते; छप्पर आणि मोरी आधी दुरुस्त करण्याचे तेही एक कारण.

सावधान : नक्षीच्या खांबांवरचा ऑइलपेंट काढायला ब्लो लॅम्पची आग, वाळूचा फवारा किंवा कॉस्टिक सोडा वापरू नका. आगीने वाडा पेटू शकतो, वाळूने नक्षीच्या कडा झडतात, सोड्याने लाकडाचे तंतू सुटतात. पातळ खरवडणीने, मास्क लावून, हळूहळू काढा. जुन्या रंगात शिसे असू शकते. नंतर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

टप्पा ७ : भिंती

मातीत बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा गिलावा तिचे सोडणे बंद करतो. मग ओल आतच राहते, क्षार विटेच्या तोंडाशी येऊन स्फटिक बनतात आणि गिलावा निघतो तो विटेचा पापुद्रा घेऊनच. वॉटरप्रूफ रंगाने हेच आणखी लवकर होते.

जुना सिमेंट गिलावा छिन्नी-हातोडीने काढा. ब्रेकर मशीनच्या हादऱ्यांनी मातीचे सांधे ढिले होतात. काढल्यावर भिंत उघडी ठेवून वाळू द्या. दोन फुटी भिंतीला त्यासाठी महिने लागतात. लोणा पाण्याने धुऊ नका, क्षार परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून, सुपलीत गोळा करून बाहेर टाका.

दर्जा (विटांमधले सांधे) भरताना एका वेळी हातभर पट्टाच कोरा, बोटभर खोल. सगळी भिंत एकदम कोरली तर ती खिळखिळी होते. सांधा ओला करा, चुन्याचा माल मागपर्यंत दाबून भरा आणि विटेच्या तोंडापेक्षा किंचित आत ठेवा. माल साधारण १ भाग मुरलेला चुना आणि वाळू-सुरखी मिळून २ ते ३ भाग. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी. तिच्यामुळे चुना ओलीतही घट्ट होतो, म्हणून जोत्यालगत तिचे प्रमाण वाढवा. वरच्या मजल्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती असतील तर तिथे भरणीला तशीच माती वापरा. मातीत चुन्याचा नाहीतर सिमेंटचा कडक ठिगळ बसवला की त्याच्या कडेने नवी भेग पडते.

सावधान : चुनकळी पाण्यात पडताच उकळते. आधी टाकीत पाणी, मग थोडी थोडी चुनकळी; उलटे कधीच नाही. डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच. डोळ्यात उडाली तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा. मुले असलेल्या घरात टाकीवर झाकण आणि कुलूप ठेवा.

टप्पा ८ : नळ आणि वीज

हे काम गिलाव्याआधी. गिलावा झाल्यावर इलेक्ट्रिशियन आला तर नव्या भिंतीत चर पडतात आणि ते सिमेंटने भरले जातात.

संडास-बाथरूम तळमजल्यावर, परसाच्या अंगाला, जमिनीवर बांधा. माडीवर हवेच असेल तर कडीपाटावर टाइल्स घालून नको. वाड्याला न टेकणाऱ्या स्वतंत्र लोखंडी चौकटीवर, मागच्या बाजूला करा. पाण्याचे आणि मैल्याचे पाइप भिंतीबाहेरून, दिसतील असे घ्या. लपवलेला पाइप गळतो तेव्हा कळत नाही आणि कडीपाट कुजून खाली आला की कळते.

कापडी आवरणाच्या जुन्या वायरी एकही न ठेवता काढा. नव्या वायरी बंद पाइपमधून, लाकडापासून सुट्या ठेवून घ्या. प्रत्येक मजल्याला वेगळे एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि मुख्य बोर्डावर आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावा. गीझर आणि एसीला स्वतंत्र लाइन. पोटमाळ्यावर वायरीचा उघडा जोड नको आणि तिथली जुनी लाकडे, रद्दी, गाद्या उतरवून टाका. कोरड्या सागाच्या वाड्यात ठिणगी पडली तर ती विझवायला वेळ मिळत नाही, आणि बोळात अग्निशमनची मोठी गाडी शिरत नाही.

टप्पा ९ : गिलावा, जमीन, रंग

चुन्याचा गिलावा पातळ थरांत द्या, एका वेळी फार तर १० ते १२ मिलिमीटर. पहिला थर घट्ट झाला, नखाने दाबून खूण उठेनाशी झाली की दुसरा. उन्हाची बाजू ओल्या गोणपाटाने झाका आणि आठ-दहा दिवस ओलसर ठेवा. रंगाला चुन्याचाच हात पुरतो. प्लास्टिक इमल्शनने भिंत पुन्हा बंद होते.

तळमजल्याला शहाबादी किंवा दगडी फरशी चुन्यात बसवा. माडीवर जडशीळ टाइल्स नकोत. खांबाभोवतीची मोकळी जागा इथे पुन्हा तपासा, कारण फरशीवाला ती ‘घाण दिसते’ म्हणून भरून टाकतो. शेजारी उभे राहूनच हे काम करून घ्या.

पहिल्या पावसात काय पाहायचे

पहिल्या जोरदार सरीत पोटमाळ्यावर जा आणि टप्पा २ मधल्या खडूच्या खुणा एकेक करून पाहा. चौकाचे पाणी पाऊस थांबल्यावर किती वेळात ओसरते ते घड्याळ लावून मोजा आणि वहीत लिहा. पुढच्या वर्षी वेळ वाढला तर नळी तुंबते आहे. काचेच्या पट्ट्या सगळ्या शाबूत आहेत का? जोडलेल्या तुळयांच्या बोल्टना पान्हा लावून पाहा. लाकूड पहिल्या वर्षी हलते आणि नट थोडे ढिले होतात. ते दिवाळीत कोरड्या हवेत पुन्हा आवळा. गटारीची जाळी पावसाळाभर दर आठवड्याला उचलून साफ करा. वर्षातून एकदा, मे महिन्यात, एका माणसाला फळी टाकून कौलांवर चढवा आणि सरकलेली कौले जागेवर बसवून घ्या. हलक्या अंगाचा माणूस निवडा आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय त्याला वर जाऊ देऊ नका.